पट्ट्याचं बोरिंग

जगातल्या विद्वानांनी माझी दखल आजवर दोनदा घेतली, आणि दोन्ही वेळा माझ्या चुकीची घेतली. जे बरोबर होतं त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यामुळे या अंकाच्या संपादकांचा फोन आला आणि "शेख सर, तुम्ही एवढं संशोधन केलं, त्या दिवसांवर लिहा" असं ते म्हणाले, तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. दुसरे कुणी शेख सर खोलीत आलेत की काय, म्हणून. बायको म्हणाली, "लिहून टाका. थीसिस कोणी वाचला नाई, हे तरी वाचतीन." तेवढ्या भरवशावर बसलो आहे.

मी चिमूरकडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. आमचं विद्यापीठ दूर शहरात. जंगलाच्या या टोकापर्यंत त्याच्याकडून दोनच गोष्टी यायच्या, परीक्षेचे पेपर आणि परिपत्रकं. नव्वदीच्या दशकात परिपत्रकांचा सूर बदलला. आधी ती 'शिकवा' म्हणायची, आता 'संशोधन करा' म्हणू लागली. विद्यापीठाचं नाव म्हणे पुढे संशोधनावर ठरणार होतं, आणि त्या नावासाठी आडबाजूच्या मास्तरांनीही आपला खारीचा वाटा उचलायचा होता. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये परिपत्रक वाचून दाखवलं आणि "कोण तयार आहे?" असं विचारलं. मी त्याच वेळी पंखा का फिरत नाही हे पाहायला मान वर केली होती. त्यांना तो होकार वाटला.

विषय निवडला तो आमच्या मातीतला, म्हणजे खरं तर पाण्यातला. आमच्या भागात काही ठिकाणी खडकातून फ्लोराइड नावाचा पदार्थ जमिनीखालच्या पाण्यात उतरतो. थोडा असेल तर दातांना बरा. जास्त असेल, तर वाढत्या लेकरांचे दात येतानाच पिवळे-तपकिरी डाग घेऊन येतात, आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं तर हाडं धरतात, गुडघे वाकतात. गंमत म्हणजे असं पाणी चवीला गोड लागतं आणि त्यात डाळ पटकन शिजते. विषानं कडू तरी असावं, पण हे तसलं नाही.

माझे वडील चंद्रपूरला कल्हई करायचे. नवसागराच्या धुरात मी लहानाचा मोठा झालो, रसायनशास्त्राची पहिली शिकवणी तीच. पीएचडीला नाव नोंदवलं तेव्हा मोठ्या ऐटीत त्यांना सांगायला गेलो.

"म्हंजे करशीन काय तू?" त्यांनी भाता न थांबवता विचारलं.

"गावोगावच्या पाण्यात फ्लोराइड किती हाय ते काढीन, अब्बा."

"भायेर काढशीन?"

"नाई. किती हाय ते सांगीन."

"अन् ते तसंच पान्यात रायते?"

"हो."

"मंग आपली कल्हईच बरी," ते म्हणाले. "चमकते तरी."

त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. पुढे बऱ्याच वेळा तो संवाद आठवला आणि दर वेळी राग थोडा थोडा कमी होत गेला.

आता हा धंदा चालतो कसा ते सांगतो. गावात जायचं, लोक ज्या हातपंपाचं पाणी पितात, त्याला आमच्याकडे बोरिंग म्हणतात, त्याचा नमुना घ्यायचा. तो काचेच्या बाटलीत घ्यायचा नाही, कारण फ्लोराइड काचेशी सलगी करतं. प्लास्टिकच्या डब्यात घ्यायचा. प्रयोगशाळेत आणून त्यात लाल रंगाचं एक द्रावण टाकायचं. फ्लोराइड जितकं जास्त, तितका रंग फिका. किती फिका झाला ते एका यंत्रानं मोजायचं. आमचं यंत्र वीज असली तर चालायचं आणि वीज आमच्याकडे पाहुणीसारखी यायची. हे सगळं उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा करायचं, म्हणजे ऋतूप्रमाणे फरक पडतो का ते कळतं.

पांढऱ्या डब्यांतून पाणी नेणारा माणूस दिसायला फार सज्जन दिसत नाही. एकदा मी सूरजागडाच्या पायथ्याची काही गावं करून एटापल्लीहून परतत होतो. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी होती. नाक्यावर शिपायानं एस.टी. थांबवली आणि माझे डबे पाहून त्याचा चेहरा उजळला. मी सांगत राहिलो की पाणी आहे. त्यानं झाकण उघडलं, वास घेतला, मग बोट बुडवून चाटलं, मग डबाच सरळ तोंडाला लावला.

"अबे, हे तं पानीच हाय!" तो मोठ्या निराशेनं म्हणाला. त्याला खरं वाटेना. त्यानं दुसरा डबा उघडला. मग त्याच्या साहेबांनी तिसऱ्यातून घोट घेतला. "पान्यासाठी कोनी एटापल्लीले जाते काय? कोनत्या डिपार्टमेंटचे तुमी?"

माझ्या संशोधनाचं सर्वांत बारकाईनं परीक्षण झालं ते त्या नाक्यावर. पुढे थीसिसचंसुद्धा एवढं झालं नाही.

ज्या गावासाठी हे लिहितो आहे ते सावरझरी, जंगलाच्या कडेचं धानाचं गाव. उन्हाळ्यात मी एकटाच लुनावर तिथे गेलो. गावात दोन बोरिंगं. एक देवळाजवळचं, त्याचं पाणी गोड, त्यावर सतत बायांची रांग. दुसरं शाळेजवळचं, गावाच्या टोकाला. त्याचं पाणी खारट, त्यात डाळ शिजायची नाही, म्हणून त्याच्याकडे फक्त शाळेची पोरं आणि चुकार म्हशी. माझ्या आराखड्यात एका गावाला एकच नमुना बसत होता. मी देवळाजवळचं घेतलं. शाळेजवळचं पाच मिनिटांच्या चालीवर होतं, पण आराखडा म्हणजे आराखडा.

देवळापाशी विमलबाई नावाची बाई पाण्याचा गुंड, म्हणजे घागर, भरत होती. कडेवर तान्ही पोर, शेजारी नऊ-दहा वर्षांची मोठी मुलगी, मंदा. आमच्या धंद्यात माणसाच्या तोंडाकडे आधी बघायची खोड लागते. मी मंदाला म्हटलं, "हास बरं, बेटा." तिनं पटकन हात तोंडावर धरला.

"काऊन पाहून राह्यले तिचे दात?" विमलबाई फिस्कारली. "घोडी इकत घेता काय?"

मी ओशाळलो आणि मग सगळं समजावून सांगितलं. दात, हाडं, पाणी. तिनं गुंड खाली ठेवला. मंदाचा हात तिनंच तोंडावरून बाजूला केला आणि मला दात दाखवले. तपकिरी रेघा होत्या, खरवडून जाणाऱ्या नव्हेत.

"राखुंडीनं घासून घासून पोरीच्या हिरड्यांतून रगत काढलं मी," ती म्हणाली. "मले वाटे, हेच घासत नाई नीट." मग कडेवरच्या पोरीकडे पाहून म्हणाली, "मोठीचं तं झालं. हे धाकटी, वैशाली. हिले अजून पयला दात आला नाई. मले एवढंच सांगा सर, हिले कोनतं पानी पाजू?"

एवढा सरळ प्रश्न मला विद्यापीठात कधी कुणी विचारला नाही. मी म्हणालो, "तपासून सांगतो."

"कधी?"

"पावसाळ्यानंतरचं पाणीही तपासावं लागतं. तेव्हा पक्कं सांगता येईल."

"तवर हे काय उपाशी राहीन?" तिनं विचारलं आणि गुंड उचलून निघून गेली.

निघताना मी त्या बोरिंगवर खूण केली. खडूचे आकडे पाण्यानं जातात, हे आधीच्या गावांत कळलं होतं. रस्त्याच्या कामावरून थोडं डांबर मागून आणलं होतं, त्याचा एक जाड काळा पट्टा मी पंपाच्या नळीभोवती ओढला. पुढच्या वेळी कुणीही आलं तरी चुकणार नाही, अशी ही युक्ती. मला माझं फार कौतुक वाटलं.

सावरझरीच्या नमुन्यात लाल रंग टाकला तर तो असा उडाला, जणू टाकलाच नव्हता. मी तडक आमच्या गाइडना भेटलो. गाइड म्हणजे पीएचडीचे मार्गदर्शक, शहरातले, भले गृहस्थ. "लोकांना सांगून टाकू का?" म्हटलं. ते म्हणाले, "शेख, एका निकालावर बोलू नये. शास्त्राची शिस्त असते." मी शिस्त पाळली. त्या शिस्तीत वैशालीचा एक अख्खा पावसाळा गेला.

पावसाळा सरला आणि मला मलेरियानं धरलं. जंगल भागात नोकरी करायची आणि मलेरिया चुकवायचा, हे सासरी जाऊन सासू चुकवण्यासारखं आहे. मी गोधडीत कुडकुडत होतो, म्हणून प्रयोगशाळेतल्या मारोतीभाऊंना पाठवलं. मारोतीभाऊ माझ्यापेक्षा वयानं मोठे, हुकमाचे पक्के. सावरझरी त्यांनी पाहिलं नव्हतं. मी सांगितलं, "ज्या बोरिंगवर काळा पट्टा आहे त्याचंच पाणी आणा. दुसऱ्याचं अजिबात नाही." त्यांनी तसंच केलं. त्यांच्यावर एका अक्षराचा दोष येत नाही.

या खेपेला लाल रंग टाकला, तर तो टुकटुक बघत तसाच लाल राहिला.

मी पुन्हा टाकला, पुन्हा लाल. ज्या पंपाचं पाणी उन्हाळ्यात विष, त्याचंच पावसाळ्यानंतर स्वच्छ! बाकी गावांत फरक किरकोळ, पण सावरझरीनं कमाल केली होती. मी ताप विसरलो. कागदावर आलेख काढला. त्याची रेघ उन्हाळ्यात डोंगरासारखी चढत होती आणि पावसाळ्यानंतर धबधब्यासारखी कोसळत होती. मी तो भिंतीवर लावला आणि जेवताना त्याच्याकडे बघत बसायचो. बायकोनं विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "निसर्गाचा नियम."

पावसाचं पाणी खडकात झिरपून फ्लोराइड धुऊन काढतं, असा सिद्धान्त मी मांडला. त्याला संस्कृतातून एक भारदस्त नाव दिलं, ते इथे लिहायची मला लाज वाटते. गाइड तर हरखून गेले. "शेख, हे नाव करणार. तुमचं, माझं, विद्यापीठाचं!" लांब दक्षिणेत एक परिषद होती. तिच्या स्मरणग्रंथासाठी आम्ही लगोलग सिद्धान्ताचा गोषवारा पाठवून दिला. तो आला तसा छापला गेला. एका निकालावर बोलू नये ही शिस्त त्या वेळी कुठे गेली होती, हे मी गाइडना विचारलं नाही, आणि स्वतःलाही नाही.

संक्रांतीच्या सुमारास मी सावरझरीला गेलो. विमलबाईला उत्तर द्यायचं होतंच, पण खरं सांगायचं तर मला मिरवायचंही होतं. मारोतीभाऊ सोबत होते. देवळाच्या ओट्यावर माणसं जमली, बाया एका बाजूला उभ्या राहिल्या. मी भाषण ठोकलं. खडक, पाऊस, झिरपणं, धुऊन निघणं. शेवटी हात उंचावून म्हणालो, "दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत हे पाणी निर्धास्त प्या. मुलांना पाजा. उन्हाळ्याचं काय करायचं ते पुढे बघू."

लोकांना बरं वाटलं. विमलबाईच्या कपाळावरची आठी मात्र गेली नाही.

"कोनत्या बोरिंगचं पानी तपासलं तुमी?" तिनं विचारलं.

"हेच की. पट्टा मारलेलं."

सगळ्यांनी एकदम माना वळवल्या, देवळाजवळच्या पंपाकडे नव्हे, शाळेच्या दिशेला. पुढे बसलेले एक म्हातारबा खोकल्यासारखं हसले.

"पट्टा तं शाळेच्या बोरिंगले हाय, सर."

मी उठून समोरच्या पंपाजवळ गेलो. नळी घासून लख्ख केलेली. डांबराचा मागमूस नव्हता. मी मारोतीभाऊंकडे पाहिलं. ते म्हणाले, "मी पट्ट्याचंच आनलं, सर. शाळेजवळचं. तुमीच म्हनलं होतं."

म्हातारबांनी मग शांतपणे उलगडा केला. आमच्या भागात जंगलाचा एखादा तुकडा तोडायला काढला की जी झाडं पाडायची त्यांना खूण करतात. साल तासून हातोड्याचा ठसा मारतात, पट्टा ओढतात. पट्टा पडला की ते झाड गेलं. "तुमी येऊन बोरिंगले पट्टा मारून गेले. आमाले वाटलं, आता नेतेत. पट्टा मारलेलं झाड राह्यते काय कधी उभं? गोड पान्याचं बोरिंग काऊन द्याचं? बाया-मानसं मिळून वाळूनं घासलं, अन् शाळेच्याले डांबर लावलं. न्याचं तं हे न्या म्हनलं, खारं."

माझा निसर्गाचा नियम म्हणजे सावरझरीची मूठभर वाळू होती. मी ओट्यावर बसलो. पोरं हसत होती, मोठी माणसं न हसण्याची पराकाष्ठा करत होती. करायला गेलो गणपती, ही म्हण माणूस आयुष्यभर ऐकतो, पण ते माकड स्वतःच्या हातात आलेलं फार थोड्यांना दिसतं.

विमलबाई हसत नव्हती. "म्हंजे आता तुमी सांगतलं ते खोटं?"

"हो, बाई."

"हे पानी बाराही मयने वाईट?"

"असंच दिसतं."

"अन् शाळेचं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबलो. मारोतीभाऊंनी आणलेल्या पाण्यात रंग लाल राहिला होता. म्हणजे शाळेचं पाणी चांगलं होतं. तिच्या प्रश्नाचं उत्तर दिवाळीपासून माझ्या घराच्या भिंतीवर टांगलेलं होतं आणि मी त्याच्याकडे बघत जेवत होतो.

"शाळेचं चांगलं आहे," मी म्हणालो. "वैशालीला तेच पाज."

"त्यात डाळ शिजत नाई."

"नाही शिजत."

"किती दिस पाजू?"

"निदान पक्के दात येईपर्यंत तरी."

तिनं दूरच्या त्या पंपाकडे पाहिलं, मग कडेवरच्या पोरीकडे. "सासू मले घराभायेर काढीन," ती म्हणाली.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगण्यासारखं नाही. गाइड म्हणाले, "सावरझरी वगळून टाका." मी म्हणालो, "सर, सगळा सिद्धान्त त्याच गावावर उभा आहे." ते कळवळून म्हणाले, "शेख, पण तुम्ही त्या गावात परत गेलातच कशाला?" भले गृहस्थ होते. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं की सगळी गावं नव्यानं करा, दोन्ही ऋतू करा, आणि दोन्ही बोरिंगं करा. परिषदवाल्यांना मी पत्र लिहिलं की आमचा सिद्धान्त चुकला, तो मागे घेतो. त्यांचं आभाराचं उत्तर आलं, सोबत पुढच्या वर्षीच्या सभासदत्वाचा अर्ज.

नवा थीसिस खरा झाला आणि म्हणूनच फार कंटाळवाणा झाला. उन्हाळ्यात पाण्यात फ्लोराइड आहे. पावसाळ्यानंतरही आहे. पाऊस काही करत नाही. तोंडी परीक्षेला आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, "हे सावरझरी नेमकं कुठे येतं?" मी सांगितलं. मग चहा आला. अशा रीतीनं मी डॉक्टर झालो.

पण त्याआधी, नवे नमुने पक्के झाल्याबरोबर, मी आणि मारोतीभाऊ पुन्हा सावरझरीला गेलो होतो. या वेळी शिस्तीची वाट पाहिली नाही. विमलबाई एकटी शाळेचं पाणी आणत होती आणि घरात रोज भांडण होत होतं. सासू म्हणायची, साऱ्या गावाचे लेकरं गोड पानी पितेत, हिचीच का राजाची लेक? म्हणजे एकीला सांगून भागत नव्हतं, गाव हलायला हवं होतं. मी ओट्यावर उभं राहून मिलिग्रॅम, लिटर, प्रमाण, हाडं सगळं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. "गोड लागते ना सर," एवढंच लोक म्हणत होते. मी जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज दिला होता, त्याचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

विमलबाई पुढे आली. "मारोतीभाऊ, डांबर हाय काय तुमच्यापाशी?"

होतं. शाळेच्या पंपावरची खूण पोरांनी खरवडून काढली होती, ती नव्यानं करायला आणलं होतं. तिनं डबा घेतला, चिंधी बुडवली आणि देवळाजवळच्या बोरिंगला चांगला हातभर रुंद पट्टा ओढला. म्हातारबा ओरडले, "अवं, नेतीन ना ते!"

"कोनी नेत नाई," ती म्हणाली. "पन आता हे पट्ट्याचं हाय. जंगलात पट्ट्याच्या झाडाले हात लावता काय तुमी? जंगलखात्याचा नाकेदार दिसला नाई तरी लावता काय? नाई ना? आपलं नसते ते. मंग हे बी आपलं नाई. कपडे धुवा, भांडे घासा. तोंडात घ्याचं नाई."

त्या दिवशी सगळं गाव बदललं असं मी म्हणणार नाही. पुष्कळ जणी गुंड तिथेच भरत राहिल्या, विमलबाई त्यांच्याशी भांडत राहिली आणि तिच्या भांडणाची कीर्ती मोठी होती. मी मात्र कॉलेजात परतलो, तासांत आणि पेपरांत बुडालो. सावरझरी हळूहळू मागे पडलं.

मग नवं शतक आलं आणि विद्यापीठाला नवं वेड लागलं. नुसतं संशोधन पुरेना, त्याचा 'प्रभाव' दाखवा म्हणे. कॉलेजात मूल्यमापन समिती येणार होती. तुमचा लेख दुसऱ्या कुणा संशोधकानं आपल्या लेखात आधाराला घेतला की त्याला सायटेशन म्हणतात, ती सायटेशनं प्राचार्यांना हवी होती. सगळ्या कॉलेजात पीएचडीवाला मी एकटा. शोधाशोध झाली. एकानं कॉम्प्युटरवर शोधून सांगितलं, "सर, तुमची दोन आहेत!" मी धावत गेलो.

दोन्ही परदेशी लेखांत होती आणि दोन्ही त्या दक्षिणेतल्या परिषदेच्या गोषवाऱ्याची होती. पाऊस फ्लोराइड धुऊन काढतो, असं 'शेख यांनी दाखवून दिलं आहे'. दुसऱ्यानं तर मूळ वाचलंही नसावं, पहिल्याचंच वाक्य उचललं होतं. थीसिसचा उल्लेख कुठेच नाही. सावरझरीची वाळू पार परदेशी पोचली होती आणि मी गावाच्या वेशीतच राहिलो होतो.

समितीपुढे मी खरं ते सांगितलं. अध्यक्ष मिश्किल निघाले. "म्हणजे तुमचा प्रभाव उणे दोन," ते म्हणाले. प्राचार्यांचा चेहरा पाहवेना. त्यांनी घाईघाईनं सांगितलं की सरांनी गावांत फार काम केलं आहे, आपण प्रत्यक्ष पाहूच. मी खुणा करत राहिलो, ते पाहीनात. तासाभरात जीप सावरझरीच्या वाटेला लागली. त्या गावात मी कित्येक वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं, आणि तिथे काय दिसेल याची मला काही कल्पना नव्हती.

नुकताच पोळा होऊन गेला होता. पावसानं उघडीप दिली होती आणि ऊन चटचट लागत होतं. जीप देवळाजवळ थांबली. समोर बोरिंग होतं आणि त्याच्या नळीभोवती पट्टा होता. पण काळा नव्हे. लालभडक, वर हिरवी किनार, ताजा. बैलांच्या शिंगांना लावतात तो रंग.

"वा, लोककला!" अध्यक्ष म्हणाले. त्यांना तहान लागली होती. त्यांनी ओंजळ धरली आणि प्राचार्य स्वतः दांडा मारायला धावले.

"ओ काका! पिऊ नोका ते!"

शाळेच्या गणवेशातली एक पोरगी दप्तर उडवत पळत आली आणि अध्यक्षांच्या हातावर हात ठेवून उभी राहिली.

"का गं?"

"पट्ट्याचं हाय ते."

"म्हणजे काय?"

"म्हंजे आपलं नाई. तोंडात घ्याचं नसते."

"असं कोण म्हणालं?"

तिला प्रश्नच कळला नाही. "कोनी म्हनाले कायले पायजे? पयलेपासून हाय तसं. पोळ्याच्या दिवशी शिंगाचा रंग उरला का बाया पट्टा मारतेत. आमच्या गावची रीत हाय ते."

पहिल्यापासून. माझ्या उभ्या आयुष्याच्या संशोधनाची रीत झाली होती आणि तिच्यात माझं नाव कुठे नव्हतं. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो लपवायला मी जीपच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो.

गलका ऐकून घरातून विमलबाई आली. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. "वैशाली, पावन्याले शाळेच्या बोरिंगचं पानी आन!" मग तिची नजर माझ्यावर पडली. ती थबकली, जवळ आली आणि मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "सर, लय दिसानं? हे वयखली काय? तवा कडेवर होती ते."

मी मान हलवली.

वैशालीनं पाणी आणलं. अध्यक्षांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "खारट आहे हो."

"आहे," मी म्हणालो.

"हास बरं वैशू," विमलबाई म्हणाली. "सरले दात दाखव. यायले लय हौस हाय लेकरायचे दात पाहाची."

वैशाली तोंड भरून हसली. पक्के दात नुकतेच पुरते आले होते. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि एकेक दात पाहिला. पांढरे होते, सगळे.

तिच्या मागे दारात मंदा उभी होती, माहेरपणाला आलेली. तीही हसत होती, पदर तोंडावर धरून.